गाठ मारून निसटणारा मासा आणि नान्सेन

फ्रिट्यॉफ नान्सेन हे नाव जगाला दोन कारणांसाठी ठाऊक आहे. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात आपले जहाज मुद्दाम अडकवून घेणारा नॉर्वेचा धाडसी संशोधक ही त्यांची पहिली ओळख. पहिल्या महायुद्धानंतर देश हरवलेल्या लाखो माणसांना ओळखपत्र मिळवून देणारा, शांततेच्या नोबेल पुरस्काराचा मानकरी ही दुसरी. या दोन्हींच्या आधीचे नान्सेन मात्र फारसे कुणाला माहीत नसतात. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्या तरुणपणीच्या सर्वांत महत्त्वाच्या संशोधनाचा विषय होता समुद्रतळाच्या चिखलात राहणारा, हात लावताच बादलीतल्या पाण्याचा बुळबुळीत लगदा करून टाकणारा एक मासा, हॅगफिश.

मेंदूतील आणि मेरुरज्जूतील चेतापेशी एकमेकींत मिसळून गेलेल्या नसतात, प्रत्येक पेशी स्वतंत्र असते, हे आज शाळेच्या पुस्तकात असते. हे ज्या काळात कुणालाच नक्की माहीत नव्हते, त्या काळात नान्सेन यांनी या माशाच्या मेरुरज्जूकडे पाहून ते सुचवले होते. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच त्यांनी हा विषय सोडला. त्यांनी काय मिळवले आणि काय सोडले, हे कळण्यासाठी आधी त्यांचे बालपण आणि मग तो मासा, दोन्ही पाहावे लागतात.

बर्फातले बालपण

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजच्या ओस्लोजवळ झाला. वडील वकील, शिस्तीचे आणि धार्मिक वृत्तीचे. आईला बर्फावर घसरत जाण्याच्या स्कीइंगची आवड होती. त्या काळात चांगल्या घरच्या बाईने असे करावे हे लोकांना रुचत नसे, तरी तिने ती आवड सोडली नाही. मुलगा चालायला लागल्यापासून काही वर्षांतच स्कीवर उभा राहिला. पुढे तो जंगलात दिवसचे दिवस एकटा राहू लागला. सोबत जुजबी शिदोरी, बाकी मासे पकडून भागवायचे. १८७७ मध्ये आई गेली.

विद्यापीठात कोणता विषय घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी प्राणिशास्त्र निवडले. या विषयात उघड्यावर राहायला मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. तो पहिल्यांदा खराही ठरला. १८८२ च्या मार्चमध्ये सीलची शिकार करणाऱ्या ‘व्हायकिंग’ या जहाजावरून ते आर्क्टिक समुद्रात गेले. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ जहाज बर्फात अडकले. लांबवर दिसणारी ती पांढरी भूमी पाहूनच, हे बेट स्कीवरून ओलांडता येईल का, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

परत आल्यावर त्यांना बर्गन शहरातील वस्तुसंग्रहालयात प्राणिविभागाचे काम मिळाले. पुढची सहा वर्षे ते तिथे होते. या संग्रहालयाचा कारभार पाहणारे डॅनियल डॅनियलसेन हे कुष्ठरोगाचे मोठे अभ्यासक होते. १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे गेरहार्ड आर्मॉर हान्सेन यांचाही तिथे वावर होता. हे संग्रहालय नुसत्या पेंढा भरलेल्या प्राण्यांची जागा नव्हते, तिथे सूक्ष्मदर्शकावर गंभीर काम चाले. रानात रमणारा हा तरुण त्या काचेच्या नळीला डोळा लावून तासन् तास बसू लागला.

ना धड मासा, ना धड किडा

बर्गनभोवतीच्या खाड्यांच्या तळाशी हॅगफिश मुबलक असतो. नॉर्वेचे कोळी त्याला बुळबुळीत वाम अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि त्याच्यावर रागही धरून असतात. रात्री टाकलेले जाळे किंवा गळ सकाळी वर काढावा, तर लागलेल्या कॉड माशाची नुसती कातडी आणि हाडे हाती यायची, आतले मांस हॅगफिशने फस्त केलेले असायचे. दिसायला हा प्राणी वामीसारखा लांबट, गुलाबी-करडा, साधारण हातभर लांबीचा. डोळे नावापुरते. तोंडाभोवती मिशांसारखे स्पर्शक, एकच नाकपुडी. जबडा नाही, खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत. डोक्याची कवटी कूर्चेची आणि पाठीत मणक्यांऐवजी एक लवचीक दांडी, जिला पृष्ठरज्जू म्हणतात.

हा प्राणी कुठे बसवावा हे शास्त्रज्ञांनाही उमगत नव्हते. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याला ‘मिक्झिने ग्लुटिनोसा’ असे नाव दिले आणि चक्क कृमींच्या वर्गात टाकले. नावाचा पहिला शब्द शेंबडासारख्या स्रावावरून आलेला, दुसऱ्याचा अर्थ चिकट. पुढे हा पृष्ठवंशीयांच्याच घराण्यातला, त्यांतल्या सर्वांत जुन्या शाखेचा वंशज आहे हे स्पष्ट झाले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही त्याचे पूर्वज जवळपास आजच्यासारखेच दिसतात. दात दाखवणाऱ्या, हाडामासाच्या कितीतरी बलदंड प्राण्यांची घराणी त्या काळात आली आणि संपली, हा मात्र टिकून राहिला. कसा, याचे उत्तर त्याच्या हालचालीत आणि बचावात आहे.

पोहताना हॅगफिश डोक्यापासून शेपटीपर्यंत नागमोडी लाट सोडतो. लाट शेपटीकडे मोठी होत जाते आणि पाण्याला मागे रेटते. हीच लाट उलटी सोडून तो मागेही पोहू शकतो. पण त्याची खरी करामत वेगळीच आहे. तो स्वतःच्या शरीराची गाठ मारतो. शेपटी वळवून वेटोळे करतो, वेटोळ्यातून शेपूट आत घालतो आणि तयार झालेली गाठ शरीरावरून डोक्याकडे सरकवत नेतो. कधी साधी गाठ, कधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, कधी त्याहून गुंतागुंतीची. मणके नसल्याने पाठ कुठेही वाकते. शिवाय त्याची कातडी अंगाला घट्ट बसलेली नसते, ढगळ झब्ब्यासारखी सैल असते. पाठीच्या मध्यरेषेवर आणि ग्रंथींच्या रांगांपाशी तेवढी ती शरीराला जोडलेली, बाकी आत मोकळी जागा आणि त्या जागेत रक्त.

ही गाठ त्याच्या अनेक कामांना येते. मेलेल्या देवमाशाचे किंवा कॉडचे मांस तोडायचे असते तेव्हा जबडा नसल्याने चावण्याचा जोर लागत नाही. मग तो जिभेवरच्या शिंगासारख्या दातांनी मांस धरतो, शरीराची गाठ करून ती सावजावर टेकवतो आणि तिच्या आधाराने डोके मागे ओढतो. मांसाचा लचका निघतो. कुणी त्याला पकडले, तर हीच गाठ पकडणाऱ्याच्या हातावर किंवा तोंडावर दाबून तो डोके सोडवून घेतो.

कातडीची सैलही तशीच उपयोगी. शार्कच्या दातापुढे ती कातडी काही चिलखत नव्हे, टोकदार वस्तूने ती सहज भोसकली जाते. पण दात आत शिरतो तेव्हा आतले स्नायू आणि अवयव बाजूला सरकतात, दाताला सापडते ती मोकळी पिशवी. ढगळ कपडे घातलेल्या माणसाला पकडावे आणि हातात फक्त सदरा यावा, तसे काहीसे. याच सैल कातडीमुळे आतले रक्त पुढे-मागे ढकलून तो आपल्या शरीराच्या निम्म्याहून कमी रुंदीच्या फटीतूनही आत जातो.

अर्ध्या सेकंदाची लढाई

आणि मग तो प्रसिद्ध स्राव. हॅगफिशच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना ग्रंथींच्या छिद्रांची रांग असते. दीडशेहून अधिक ग्रंथी, प्रत्येकीत दोन प्रकारच्या पेशी. एका प्रकारच्या पेशीत श्लेष्म्याच्या बारीक पुड्या भरलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या पेशीत एकच धागा, लोकरीच्या गुंडीसारखा गुंडाळून ठेवलेला. पेशी मिलिमीटरच्या छोट्या अंशाएवढी, पण उलगडल्यावर हा धागा १० ते १५ सेंटिमीटर लांब भरतो. तो आपल्या केसांच्या आणि नखांच्या घराण्यातल्या प्रथिनांचा बनलेला असतो आणि जाडीच्या मानाने फार चिवट असतो.

चावा बसला की त्या जागेजवळच्याच ग्रंथी आकुंचन पावतात. दोन्ही प्रकारचा माल छिद्रातून बाहेर फेकला जातो. खारे पाणी लागताच श्लेष्म्याच्या पुड्या फुगून फुटतात, त्यातला पदार्थ धाग्यांना चिकटतो आणि पाण्याच्या हलण्याने धागे झपाट्याने उलगडतात. अर्ध्या सेकंदाच्या आत मूळ स्रावाच्या हजारो पट आकाराचा ढग तयार होतो. त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते, स्राव अगदी नाममात्र. धाग्यांच्या जाळीत पाणी अडकून राहते, म्हणून तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा हाताला लागतो.

हा सगळा प्रकार नेमका कशासाठी, याबद्दल पूर्वी फक्त तर्क होते. न्यूझीलंडजवळच्या खोल समुद्रात कॅमेरे सोडून संशोधकांनी घेतलेली, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चित्रफीत पाहिल्यावर त्याचे खरे काम डोळ्यांना दिसले. शार्क आणि इतर मोठे मासे हॅगफिशला तोंडात धरतात आणि पुढच्याच क्षणी सोडून देतात. तोंड आणि कल्ले स्रावाने भरून गेलेले असतात. माशाचा श्वास कल्ल्यांतून वाहणाऱ्या पाण्यावर चालतो, तेच अडले की जीव गुदमरतो. हल्लेखोर डोके झटकत, ओकारी आल्यासारखे करत निघून जातो. हॅगफिश तिथेच, बहुधा जेवणात दंग.

हे शस्त्र त्याच्या स्वतःच्याही जिवावर उठू शकते. बादलीत कोंडलेला हॅगफिश आपल्याच स्रावात गुदमरून मरतो. मोकळ्या पाण्यात मात्र गाठ पुन्हा मदतीला येते. शेपटीकडून डोक्याकडे सरकणारी गाठ अंगावरचा स्राव पुसून काढते. एकुलत्या नाकपुडीत गेला, तर तो शिंकल्यासारखा जोराने पाणी बाहेर टाकतो.

सूक्ष्मदर्शकाखालचा मेरुरज्जू

नान्सेन यांच्या काळी यातल्या कितीतरी गोष्टी माहीत नव्हत्या. त्यांना पडलेला प्रश्न निराळा होता. अंगाला स्पर्श झाला, त्याची बातमी आत कशी जाते, आत कोणत्या मार्गाने फिरते? पृष्ठवंशीयांच्या मज्जासंस्थेची रचना समजून घ्यायची, तर माणसाच्या किंवा कुत्र्याच्या गुंतागुंतीपेक्षा जुना, साधा प्राणी घ्यावा, असा त्यांचा विचार होता. हॅगफिशचा मेरुरज्जू फितीसारखा चपटा असतो आणि त्याच्या चेतातंतूंवर इतर पृष्ठवंशीयांत असते तसे मेदाचे आवरण नसते. पातळ काप घेऊन पाहण्याला तो सोयीचा.

त्याआधी त्यांनी समुद्रतारकांच्या जातकुळीतील प्राण्यांवर राहणाऱ्या छोट्या परजीवी कृमींचा अभ्यास केला होता. त्यासाठी त्यांना सोन्याचे पदक जाहीर झाले. त्यांनी ते तांब्यात घडवून घेतले आणि सोन्याच्या किमतीतला फरक प्रवासाला वापरला. १८८६ मध्ये ते इटलीत पाव्हिया येथे कॅमिलो गॉल्जी यांच्याकडे गेले. गॉल्जींनी चेतापेशी रंगवण्याची एक पद्धत शोधली होती. मेंदूचा तुकडा आधी डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या अगदी टोकापर्यंत. दाट जंगलातली दोन-चार झाडेच मुळांसकट दिसावीत आणि बाकीची अदृश्य व्हावीत, तसे. ही पद्धत शिकून, नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत काही काळ काम करून ते बर्गनला परतले आणि हॅगफिशला लागले.

स्वतः गॉल्जींचे मत होते की चेतापेशींचे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनते. मेंदू म्हणजे त्या जाळ्याचे एकसंध काम. नान्सेन यांना काळ्या झालेल्या तंतूंमध्ये असे मिसळणे दिसले नाही. तंतू एकमेकांजवळ येत होते, एकमेकांत गुंफले जात होते, पण प्रत्येकाचे टोक आपापले. ज्यांच्याकडून पद्धत शिकली त्यांच्याच मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास लाइपझिगमध्ये विल्हेल्म हिस आणि झुरिकमध्ये ऑग्युस्त फोरेल हेही वेगळ्या वाटांनी याच निष्कर्षापाशी आले होते.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. कातडीकडून येणारा संवेदनेचा तंतू मेरुरज्जूत शिरला की दुभागतो. एक फांदी डोक्याकडे जाते, दुसरी शेपटीकडे. म्हणजे एका जागी झालेल्या स्पर्शाची बातमी एकाच वेळी वर आणि खाली पोहोचू शकते. शरीरभर लाट सोडणाऱ्या, शेपटीपासून गाठ मारत आणणाऱ्या प्राण्यात ही रचना प्रथम स्पष्ट दिसावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्या मेरुरज्जूतही हे तंतू असेच दुभागतात.

याच काळात त्यांनी हॅगफिशचे आणखी एक कोडे हाती घेतले. हा मासा पिल्ले कशी घालतो, नर आणि मादी कसे ओळखायचे, हे कुणालाच कळत नव्हते. कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीने १८६० च्या दशकात या प्रश्नाच्या उत्तरासाठी बक्षीस ठेवले होते. नान्सेन यांनी अनेक मासे चिरून पाहिले आणि हा मासा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, असे १८८८ मध्ये मांडले. हे मत पुढे टिकले नाही. या माशाच्या एकाच जननग्रंथीत पुढे अंडाशयाचा आणि मागे वृषणाचा भाग असतो हे खरे, पण प्रौढपणी सहसा त्यातला एकच भाग कामाचा राहतो, असे नंतरच्या अभ्यासकांना आढळले. ते बक्षीस मात्र कुणालाच मिळाले नाही. हॅगफिशचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवून नीट अभ्यासणे जपानी शास्त्रज्ञांना जमले ते थेट एकविसाव्या शतकात.

प्रयोगशाळेतून बर्फाकडे

चेतापेशींवरचा प्रबंध नान्सेन यांनी २८ एप्रिल १८८८ रोजी विद्यापीठात मांडला. परीक्षकांना त्यातले बरेच काही पटले नव्हते. तरी पदवी मिळाली. काही दिवसांतच ते ग्रीनलंडच्या मोहिमेवर निघाले. हा माणूस परत येणार नाही असे अनेकांना वाटत होते.

याआधी ग्रीनलंड ओलांडू पाहणारे लोक पश्चिमेच्या वस्तीच्या किनाऱ्यावरून निघायचे. जमले नाही तर परतीची वाट असायची, आणि म्हणून ते परतायचेच. नान्सेन यांनी सहा जणांची तुकडी निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरवली. मागे काहीच नाही, घर पुढेच. उणे ४० अंशांखालची थंडी सोसत, वारा अनुकूल असला की घसरगाड्यांना शीड लावत त्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पश्चिम किनारा गाठला. शेवटचे जहाज निघून गेल्याने हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या महिन्यांत ते स्थानिक इन्युइट लोकांकडून कयाक चालवणे, शिकार करणे, थंडीत राहणे शिकले.

परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी गायिका इव्हा सार्स यांच्याशी लग्न केले. तिचे वडील मिकाएल सार्स हे सागरी प्राण्यांचे नामांकित अभ्यासक होते. सूक्ष्मदर्शकाकडे परत वळण्याला सगळे अनुकूल होते, पण मन बर्फात होते. १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने ‘जानेत’ हे अमेरिकन जहाज चिरडले होते. तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. म्हणजे बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहत येतो. मग त्या बर्फाशी झगडण्याऐवजी त्याच्याच पाठीवर बसून का जाऊ नये?

यासाठी जहाज हवे होते ते बर्फाच्या दाबाला तोंड देणारे. कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या ‘फ्राम’चा तळ गोलाकार ठेवला होता. दोन्ही बाजूंनी बर्फ आवळू लागला की त्याला धरायला कोपरा सापडू नये आणि जहाज वर उचलले जावे. सुकाणू आणि पंखाही वर ओढून घेता येत. हॅगफिशच्या अभ्यासकाने निवडलेली ही युक्ती पाहून तो सैल कातडीचा मासा आठवल्याशिवाय राहत नाही. अनेक अनुभवी ध्रुवीय प्रवाशांनी या बेताला वेडेपणा ठरवले.

जून १८९३ मध्ये १३ जणांना घेऊन फ्राम निघाले आणि सप्टेंबरमध्ये सायबेरियाच्या उत्तरेला गोठले. बर्फ कडकडला, जहाज करकरले आणि वर उचलले गेले. तीन वर्षे ते असेच वाहत राहिले. जहाज ध्रुवावरून जाणार नाही असे दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि याल्मार योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन उत्तरेला निघाले. ८ एप्रिल रोजी ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तिथवर तोपर्यंत कुणीही गेले नव्हते. पुढचा बर्फ चालण्याजोगा नाही हे पाहून ते मागे फिरले. फ्रान्झ योझेफ बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या खोपटात त्यांनी हिवाळा काढला. खायला अस्वलाचे आणि वॉलरसचे मांस. क जीवनसत्त्वाचा शोध अजून लागायचा होता, स्कर्व्ही हा ध्रुवीय प्रवाशांचा काळ होता. पण ताज्या मांसावर जगणाऱ्या या दोघांना तो झाला नाही. उलट वसंतात त्यांचे वजन वाढलेले होते. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते नॉर्वेत पोहोचले. त्याच महिन्यात फ्रामही बर्फातून सुटले. १३ पैकी १३ जण सुखरूप.

ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असावा हा समज या मोहिमेने मोडला. तिथे तीन हजार मीटरहून अधिक खोली मिळाली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे झुकून वाहतो, हे नान्सेन यांनी टिपले. त्यावरून स्वीडनच्या व्हॅग्न एकमान यांनी समुद्रप्रवाहांचा सिद्धांत मांडला. नान्सेन आता समुद्रविज्ञानाचे झाले होते, १९०८ मध्ये त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. इकडे स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ पासून गॉल्जींचीच पद्धत वापरून चेतापेशींचे स्वातंत्र्य एकेका अवयवात दाखवत नेले. १९०६ चे वैद्यकाचे नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. त्या वर्षी नान्सेन लंडनमध्ये होते, नुकत्याच स्वीडनपासून वेगळ्या झालेल्या नॉर्वेचे राजदूत म्हणून. पुढच्या वर्षअखेर इव्हा न्यूमोनियाने गेल्या.

कागदाचे संरक्षण

पहिले महायुद्ध संपले तरी लाखो युद्धकैदी रशियात आणि इतरत्र छावण्यांत खितपत होते. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांना घरी पोहोचवण्याचे काम नान्सेन यांच्यावर सोपवले. पैसा तुटपुंजा, जहाजे अपुरी, रशियाच्या नव्या सरकारला बहुतेक देशांची मान्यता नाही. नान्सेन दोन्ही बाजूंशी बोलत राहिले. दोन वर्षांत ४ लाख २७ हजारांहून अधिक कैदी सुमारे ३० देशांत आपापल्या घरी परतले.

१९२१ मध्ये रशियात मोठा दुष्काळ पडला. सरकारांकडून कर्ज मिळावे म्हणून त्यांनी राष्ट्रसंघापुढे कळकळीने मागणी केली, ती फेटाळली गेली. मग ते लोकांकडे गेले, देशोदेशी व्याख्याने देऊन निधी जमवला. रशियातून पळालेल्या लाखो निर्वासितांपुढे वेगळेच संकट होते. त्यांच्याकडे कोणत्याच देशाचे कागद नव्हते, म्हणून कुठे राहता येईना, सीमा ओलांडता येईना, काम मिळेना. १९२२ मध्ये नान्सेन यांच्या पुढाकाराने अशा माणसांसाठी एक ओळखपत्र निघाले. पन्नासहून अधिक सरकारांनी ते मान्य केले. ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ते ओळखले जाऊ लागले. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल यांच्यापासून नाव नसलेल्या मजुरापर्यंत सुमारे साडेचार लाख जणांना त्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, त्याची रक्कम त्यांनी मदतकार्यातच घातली. पुढे अर्मेनियन निर्वासितांसाठी ते अखेरपर्यंत झगडत राहिले, त्यात त्यांना मनासारखे यश आले नाही.

१३ मे १९३० रोजी ओस्लोजवळच्या आपल्या घरी नान्सेन यांचे हृदयविकाराने निधन झाले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रे आजही त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात.

हॅगफिशवरचे काम आता पुष्कळ पुढे गेले आहे. त्याच्या स्रावातल्या धाग्यांसारखे चिवट तंतू कृत्रिमरीत्या बनवता येतील का, यावर प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे. त्याच्या गाठी कॅमेऱ्याने टिपल्या जात आहेत. समुद्रात त्याची अंडी नेमकी कशी फळतात हे अजूनही कुणी पाहिलेले नाही. नान्सेन बर्गनलाच राहिले असते, तर चेतापेशींच्या इतिहासात त्यांचे नाव काहाल यांच्या शेजारी आले असते, असे मानणारे मज्जाशास्त्रज्ञ आहेत. ते शक्यही आहे. पण त्यांनी सोडलेले शास्त्र दुसऱ्या कुणीतरी पुरे केले, हॅगफिशही तिथेच चिखलात होता, आहे. १९२० च्या हिवाळ्यात छावण्यांत थंडीने आणि टायफसने मरणाऱ्या कैद्यांना मात्र थांबण्याइतका वेळ नव्हता.